सदर कथेस आशय नाही

माझ्या एकुलत्या एक विज्ञानकथेवर साडेतीन पानांची समीक्षा झालेली आहे आणि त्या समीक्षेला जावक क्रमांक आहे. मराठीत हा मान फार थोड्या लेखकांना मिळाला असावा. समीक्षकाने कथेतलं प्रतीक, पुनरावृत्ती, पूर्वसूचन, उपरोध अशी एकेक गोष्ट हातात घेऊन तपासली, प्रत्येकीपुढे शेरा लिहिला आणि शेवटी गोल शिक्का मारला. मोठमोठ्या लेखकांच्या नशिबी नुसती सही असते. मला सही आणि शिक्का दोन्ही मिळाले.

मी लक्ष्मीकांत, पाणी तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत वरिष्ठ लिपिक. तालुक्याचं गाव, चार खोल्या, पुढे आवार, आवारात सिमेंटची टाकी आणि टाकीला नळ. नळाला धरणाचं पाणी येतं आणि ते गोड आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या या खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचा नळ म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. इथल्या कित्येक विहिरींच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पाहुणे आले की ते आधी चहाकडे बघतात आणि मग यजमानाकडे.

मागच्या वर्षी कर्मचाऱ्यांच्या सांस्कृतिक महोत्सवाचं परिपत्रक आलं. वरच्या एका मोठ्या साहेबांना विज्ञानाची आवड, म्हणून कथास्पर्धा ठेवली होती ती विज्ञानकथेची. प्रत्येक कार्यालयाने किमान एक प्रवेशिका पाठवावी, निरंक अहवाल स्वीकारला जाणार नाही, असं खाली ठळक छापलं होतं. आमच्या साहेबांनी ते माझ्या टेबलावर सरकवलं. कारण काय, तर माझं अक्षर चांगलं आहे. या एका गुणाने माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं एखाद्या व्यसनानेही केलं नसतं. निरोप समारंभाची मानपत्रं, साहेबांच्या मेव्हण्याच्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते, नमुन्याच्या बाटल्यांवरची लेबलं, सगळं मीच लिहितो.

घरी सांगितलं तर प्रेमला, म्हणजे माझी बायको, म्हणाली की त्यात काय एवढं, जे माहीत आहे ते लिहा. ती देऊळघाटची. तिच्या माहेरी सगळेच असे सरळ बोलतात. शेजारच्या पुष्पाबाईंचं मत पडलं की मंगळावर का होईना, पण कथेत एक लग्न असावं, नाहीतर वाचणार कोण. मी दोन दिवस कोरा कागद घेऊन बसलो. मला काय माहीत आहे याचा विचार केला आणि फार वाईट वाटलं. एकोणतीस वर्षं नोकरी करून मला पाण्याच्या बाटल्यांशिवाय काहीही माहीत नव्हतं.

इथे आमच्या कामाची पद्धत सांगावी लागेल, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं.

नियम असा की कार्यालयाच्या माणसाने प्रत्येक गावी जायचं, विहिरीवर किंवा बोअरवर बाटली तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, सावलीत ठेवायची आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणायची. आमच्याकडे हे काम निवृत्ती नावाच्या परिचराचं होतं. बसरस्त्यापासून आत असलेली अकरा गावं त्याच्या वाट्याला. जीप होती, पण मी या कार्यालयात आलो तेव्हापासून ती कडुनिंबाखाली उभी आहे आणि आता तिच्यात कोंबड्या बसतात. तेव्हा निवृत्ती वर्षातून दोनदा अकरा बाटल्या आवारातल्या नळाखाली ओळीने मांडायचा आणि भरायचा. नियमाप्रमाणे प्रत्येक बाटली आधी तीनदा विसळायचा. त्या बाबतीत त्याने कधी कुचराई केली नाही. मग मी सुवाच्य अक्षरात अकरा गावांची नावं लिहायचो. पूनम मॅडम आतल्या खोलीत मनापासून तपासणी करायच्या. अकराही गावांचं पाणी तंतोतंत सारखं कसं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. साहेब सही करायचे. पाणी पिण्यास योग्य.

असं करा, असं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मी येण्याआधीपासून चालत होतं. मी फक्त त्यात सामील झालो, आणि नऊ वर्षं राहिलो.

त्या अकरा गावांत एक गाव निवृत्तीचं स्वतःचं होतं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्या नावाचा मी आधीच पुरेसा गैरवापर केला आहे. निवृत्ती त्या गावाची बाटलीही नळाखाली भरायचा, आणि संध्याकाळी वरवट बकालला बस बदलून घरी जायचा आणि गावच्या बोअरचं पाणी प्यायचा.

तर मी कथा लिहिली ती अशी. सन २१९०. मंगळावर अकरा वस्त्या आहेत आणि मध्ये एक केंद्र. एक यंत्र रोज वस्त्या फिरून पाण्याचे नमुने आणतं, केंद्र पृथ्वीला कळवतं. एक दिवस यंत्राचं चाक मोडतं. नव्या चाकाची मागणी पृथ्वीवर जाते, आणि पुढील आराखड्यात विचार करू, असं उत्तर येतं. मग यंत्र केंद्राच्या दारातल्या नळावरच अकराही बाटल्या भरू लागतं. इथे कथा संपली. देवाशपथ सांगतो, माझ्या मनात कोणाविरुद्ध काही नव्हतं. निरंक चालणार नव्हतं, एवढंच.

हस्ताक्षर दाखवावं म्हणून ती मी शंकरराव सरांकडे नेली. सर माझ्या घरासमोर राहतात. सोनाळ्याच्या शाळेत त्यांनी हयात घालवली, मराठी शिकवलं, आणि पेन्शनीत निघाल्यावरही लाल पेन खिशातून काढलेलं नाही. त्यांनी कथा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं की हिचा आशय काय. मी म्हणालो, परिपत्रकात आशय मागितलेला नाही. सरांच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसलं ते मी त्यांच्या वडिलांच्या मयतीतही पाहिलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला रोज संध्याकाळी बसवलं. म्हणाले, प्रतीक पाहिजे. मी म्हटलं, केंद्राच्या टेकडीवरून अकरा वस्त्यांचे दिवे दिसतात असं करू. मग सर म्हणाले, नुसते दिसून काय उपयोग, एकेक विझले पाहिजेत. विझवले. पुनरावृत्ती हवी म्हणाले, म्हणून प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'पाणी पिण्यास योग्य' हे वाक्य टाकलं. वर दिवा विझतोय आणि खाली तेच वाक्य, हा उपरोध झाला म्हणून सर भलतेच खूश झाले. पूर्वसूचन म्हणून पहिल्याच पानावर चाक डुगडुगवलं. यंत्राला जरा माणसासारखं करा म्हणाले, तेव्हा माझ्या हातून लिहिलं गेलं की त्याची चाकं सुजली होती आणि दोन पावलं चाललं की त्याला दम लागायचा. चाकं कशी सुजतील, असा प्रश्न सरांनाही पडला नाही आणि मलाही. कार्यालयात दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर निवृत्तीचे पाय होते, एवढंच आता लक्षात येतं.

शेवटही सरांनीच बदलायला लावला. अकरावा दिवा लुकलुकतोय तेव्हा यंत्र बाटल्यांच्या झाकणांचं चाक करतं, खुरडत त्या वस्तीवर जातं, चाक मोडल्यापासूनची पहिली खरी बाटली भरतं आणि परत येतं. केंद्राच्या खिडकीत बाटली घ्यायला कोणीही नसतं.

एक गोष्ट मात्र सरांच्या मनासारखी झाली नाही. ते वारंवार विचारत राहिले की ही कथा सांगतोय कोण. निवेदक कोण आहे, तो कुठे उभा आहे. मी म्हणालो, कोणीच नाही सर, आपोआप सांगितली जातेय. त्यांनी लाल पेनाने समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि तसंच ठेवलं.

निवृत्तीचं तोवर बिनसलं होतं. आधी पाय, मग तोंड सुजलं. अकोल्याला नेलं तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं सांगितलं. आठवड्यातून दोनदा त्याला मशीनवर घालायचे. उरलेल्या दिवशी तो कामावर यायचा, स्टुलावर बसायचा आणि साहेबांची घंटी वाजली की भिंतीला धरून उठायचा. वय पंचावन्न. पाण्यानेच झालं का, असं मी डॉक्टरांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की तपासल्याशिवाय कसं सांगणार. तपासणारे आम्हीच होतो.

गावाने दोनदा अर्ज केला होता की आम्हाला धरणाचं पाणी द्या. दोन्ही वेळा उत्तर गेलं, की गावचं पाणी योग्य असल्याने गरज दिसत नाही, आणि सोबत आमचा अहवाल जोडला गेला. आजार कळल्यावर निवृत्ती एकदा गावच्या बोअरची खरी बाटली भरून घेऊन आला होता. मी घेतली नाही. त्याला समजावलं की नऊ वर्षं योग्य असलेलं पाणी एकदम अयोग्य निघालं तर मागच्या नऊ वर्षांचा खुलासा करावा लागेल, तेव्हा पुढच्या फेरीत बघू. तो मान डोलावून 'हाव' म्हणाला. बाटली त्याने कडुनिंबाच्या बुडाशी ओतली आणि रिकामी परत नेली. हे मी आजवर प्रेमलालाही सांगितलेलं नाही. ती आता इथेच वाचेल.

कथा पाठवायच्या आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी ती निवृत्तीला वाचून दाखवली. का, ते नीट सांगता येणार नाही. लेखकाला श्रोता लागतो म्हणा. त्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. आवारात नळ ठिबकत होता. मला वाटलं तो झोपला. मग तो म्हणाला,

"भाऊसाहेब, बाटल्या भरते तो मी हाय, हे समजलं. पन लेबलं कोन लिवते ते नाई आलं गोष्टीत."

मी म्हणालो की कथेत सगळंच घालता येत नाही, लांबी वाढते. शब्दमर्यादा आहे.

"तसं असन," तो म्हणाला. मग थोडा दम खाऊन, "पाठवा तुमी. मोठ्या सायबाले समजन. माहं तं जे व्हाचं ते झालं. बना अजून तेच पानी पेऊन राह्यली. गावच्या बोअरचं एकडाव खरं तपासलं पाह्यजे, बाकी काई नाई."

बना म्हणजे त्याची बायको, बनाबाई. मी कथा पाकिटात घातली. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती, आणि त्याच वेळी असंही वाटलं होतं की कोण वाचणार आहे. दुसऱ्या वाटण्याच्या जोरावर मी पाकीट साहेबांपुढे ठेवलं.

प्रवेशिका योग्य मार्गाने जायची होती, म्हणजे तिच्यासोबत कार्यालयप्रमुखांचं प्रमाणपत्र हवं होतं. पहिल्यांदा ती परत आली, कारण तीन प्रतींऐवजी दोन होत्या. दुसऱ्यांदा परत आली, कारण कथा काल्पनिक असल्याचा दाखला जोडला नव्हता. तो दाखला कोणी द्यायचा हे कोणालाच माहीत नसल्याने मीच लिहिला आणि मीच साक्षांकित करून घेतला. शेवटी साहेबांनी कथेवर लिहिलं, 'वाचून पाहिली, योग्य आढळली', आणि सही केली. त्यांनी पहिलं पानही उलटलं नव्हतं. नऊ वर्षांच्या सवयीने हात आपोआप गेला.

बक्षीस समारंभ बुलढाण्याला होता. मला उत्तेजनार्थ. प्रेमला नवी साडी नेसून आली, शंकरराव सर आले, साहेब पहिल्या रांगेत बसले. सूत्रसंचालक बाईंचा आवाज चांगला होता, म्हणून आयोजकांनी त्यांना माझ्या कथेतला उतारा वाचायला सांगितला. एक दिवा विझला, पाणी पिण्यास योग्य. दुसरा विझला, पाणी पिण्यास योग्य. तिसऱ्याला मागून कोणीतरी हसलं. पाचव्याला कोणी हसलं नाही. सातव्याला लोक माना उंचावून आमच्या साहेबांकडे पाहू लागले. आजूबाजूच्या खात्यांत सगळ्यांना सगळं माहीत असतं. सर माझ्या कानाशी म्हणाले, बघा, साधनं आशयाला कशी पोसतात ते. मला त्या क्षणी आशय उपाशी मेला असता तर चाललं असतं. प्रमाणपत्र देताना मोठ्या साहेबांनी कौतुकाने विचारलं की कल्पना कुठून सुचली, आणि माझ्या तोंडून माईकवर गेलं, "कामावरून."

चौथ्या दिवशी ज्ञापन. 'आपण लिहिलेल्या कथेतील (अ) यंत्र, (ब) नळ, (क) विझणारे दिवे, यांचा अर्थ सात दिवसांत स्पष्ट करावा. अन्यथा आपणास काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल.' मी ते सरांना दाखवलं. ते तीनदा वाचून म्हणाले, प्रश्नपत्रिका चांगली काढलीय, उत्तरपत्रिकेला निदान चाळीस गुण पाहिजेत.

पण उत्तर उलटं लिहायचं होतं. दिव्यांचा माणसांशी संबंध नाही, नळाचा उपरोधाशी नाही, यंत्राचा कोणत्याही कर्मचाऱ्याशी नाही, हे सिद्ध करायचं होतं. माझ्या सेवेची अडीच वर्षं राहिली होती. प्रेमला रोज देवापुढे बसू लागली होती. पुष्पाबाई म्हणाल्या, लग्न घातलं असतं तर ही वेळ आली नसती, आणि पहिल्यांदाच मला ते पटलं. सरांनी दोन दिवस टाळाटाळ केली. मग एका सकाळी आले, माझ्याच ओट्यावर बसून लिहायला घेतलं.

"अडतीस वर्षं पोरांना सांगत आलो, की चांगल्या कथेत एक शब्द उगाच नसतो," ते म्हणाले. "तुमच्यापायी आता लिहितो, की सगळे उगाच आहेत."

त्यांनी दोन पानं लिहिली आणि मी ती सुवाच्य अक्षरात उतरवली. दिवे केवळ वातावरणनिर्मितीसाठी. पुनरावृत्ती लेखकाच्या शब्दसंग्रहाच्या मर्यादेमुळे. चाकांची सूज ही अनवधानाने झालेली चूक. शेवटचं वाक्य होतं, 'सदर कथेस आशय नाही.' ते लिहून झाल्यावर सर चहा न घेता गेले.

मग चौकशी अधिकारी आले. सज्जन माणूस. कथेची प्रत त्यांनी पेन्सिलीने रेघा मारून आणली होती, म्हणजे माझ्या कथेचा एकमेव लक्षपूर्वक वाचक तोच. साहेबांच्या खोलीत त्यांनी मला समोर बसवलं. विचारलं, दिवे का विझतात. मी म्हणालो, वीज जाते. केंद्राच्याच नळाचं पाणी चांगलं कसं. मी म्हणालो, योगायोग. ते लिहून घेत होते. घसा कोरडा पडला म्हणून त्यांनी पाणी मागवलं आणि निवृत्ती ट्रे घेऊन आत आला. त्या दिवशी त्याचा कामावर येण्याचा वार होता. हे मला आधी सुचायला हवं होतं.

"आणि हे यंत्र," अधिकारी म्हणाले, "म्हणजे कोणी व्यक्ती आहे काय?"

निवृत्ती पेला त्यांच्यापुढे ठेवत होता. त्याच्या चपलेत पाय मावत नव्हता, त्याने अंगठ्याजवळची वादी कापून टाकली होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "कोणी नाही."

निवृत्तीने ट्रे उचलला आणि तो भिंतीच्या कडेने बाहेर गेला. संध्याकाळी निघताना तो माझ्या टेबलापाशी थांबला. रागावेल असं मला वाटलं. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तुमचं काम झालं न, भाऊसाहेब?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "मंग बरं झालं," तो म्हणाला आणि बस पकडायला गेला.

तो परत कार्यालयात आला नाही. एकविसाव्या दिवशी वारला. त्याच आठवड्यात साडेतीन पानी अहवाल आला. 'कथेत वापरलेली साधने कोणत्याही आशयास पोषक असल्याचे आढळून येत नाही. कथा काल्पनिक असल्याचा दाखला सोबत आहेच. सबब फेरनमुने घेण्याची आवश्यकता नाही. लेखकास ताकीद देऊन प्रकरण बंद करण्यात यावे.' साहेबांनी मला पेढा दिला. मी तो खाल्ला. त्याची मला आजही किळस येते.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी सकाळी साडेदहाला एक बाई माझ्या खिडकीशी उभी राहिली. मी बनाबाईला आधी पाहिलं होतं ते गर्दीत, स्मशानातून परत आलेल्या पुरुषांच्या पलीकडे. तिने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली आणि खिडकीच्या फळीवर ठेवली. कार्यालयाचीच बाटली होती, जी निवृत्तीने रिकामी परत नेली होती.

"त्याइनं सांगतलं व्हतं तशीच भरली," ती म्हणाली. "तीनडाव इसळली. उन्हात नाई ठेवली. पह्यल्या गाडीनं आली. चिठ्ठी तेवढी नाई लावली, चिठ्ठी तुमी लिवता म्हने."

माझ्या कथेच्या शेवटी त्या खिडकीत कोणी नसतं. सरांना तो शेवट फार आवडला होता. पण इथे खिडकीत मी होतो, आणि मला उठून कुठे जाताही येत नव्हतं. मी बाटली आत घेतली. साहेब यायचे होते. त्यांना न विचारता मी तिचा आवक क्रमांक टाकला, कारण एकदा आवक क्रमांक पडला की ते पाणी सरकारी होतं, मग ते झाडाच्या बुडाशी ओतता येत नाही. मग लेबल घेतलं आणि गावाचं नाव लिहिलं. वर्षातून दोनदा या हिशेबाने ते मी याआधी अठरा वेळा लिहिलं होतं. या वेळी अक्षर चांगलं आलं नाही.

पूनम मॅडमनी बाटली उजेडात धरून पाहिली. त्यांनी एकदा तपासलं, पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. मग कागद माझ्याकडे फिरवला. क्षारांचा आकडा रकान्यात मावत नव्हता. त्यांनी सही आधीच केली होती.

साहेब संतापले, मग घाबरले, मग म्हणाले की थोडं थांबू. मी अहवालासोबत एक पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. 'माझा यापूर्वीचा खुलासा मी मागे घेत आहे. कथेस आशय आहे. यंत्र म्हणजे आमचे परिचर कै. निवृत्ती. बाटल्यांवर खोटी नावे लिहिणारा इसम कथेतून वगळण्यात आला होता, तो मी आहे. गेल्या नऊ वर्षांची लेबले माझ्या अक्षरात आहेत, तपासून घ्यावीत.' पत्राची एक प्रत मी मोठ्या साहेबांना परस्पर टाकली होती, त्यामुळे साहेबांना सही करणं भाग पडलं. शंकरराव सरांना पत्र दाखवलं तेव्हा त्यांनी लाल पेन काढलं, शेवटपर्यंत वाचलं आणि एकही खूण न करता परत दिलं. तिसऱ्या दिवशी प्रेमलाने विचारलं की निलंबनात डबा लागतो का.

माझी चौकशी सुरू आहे. अकराही गावांचे नमुने आता दुसऱ्या कार्यालयाची माणसं जाऊन घेणार आहेत, असं कळतं. कधी, ते कळत नाही.

आठ दिवसांनी बनाबाई अहवालाची प्रत घ्यायला आली. तेव्हा मी अजून खुर्चीवर होतो. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. पाणी पिण्यास अयोग्य. तिने कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. गावच्या बोअरला, पाणी कोणी पिऊ नये म्हणून, लाल रंग लावून गेले म्हणाली. मग पाणी कुठून आणता, असं मी विचारलं. ती म्हणाली, दोन कोसावरून.

ऊन फार होतं. मी तिला सावलीत बसवलं आणि आवारातल्या नळाचं पाणी पेल्यात आणून दिलं. तिने एक घोट घेतला आणि पेल्यात पाहिलं. मग नळाकडे पाहिलं.

"हेच काय ते?" तिने विचारलं.

"कोणतं?"

"आमच्या गावच्या नावानं जाये ते."

मी हो म्हणालो. ती सावकाश सगळं पाणी प्यायली आणि तिने पेला माझ्यापुढे धरला.

"गोड हाये," ती म्हणाली. "अजून एक द्या."

मी नळावर गेलो. पेला तीनदा विसळला आणि भरला.